चार आळ्यांची काठी

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. साल चुकायचं नाही, कारण त्याच वर्षी आमच्या शाळेच्या पटावर पहिल्यांदा मुली मुलांपेक्षा जास्त झाल्या आणि त्याच वर्षी अंबरवाडीत कॉम्प्युटर आला.

अंबरवाडी म्हणजे कडेगावपासून दोन कोसांवरचं उसाचं गाव. मी तिथल्या शाळेची मुख्याध्यापिका. नाव बाळाबाई होवाळ, पण ते पगारपत्रकापुरतं. गावात 'बाई' म्हटलं की मीच. आमचे मालक वीज मंडळातून वायरमन म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना सगळे आण्णा म्हणत, मीसुद्धा. खांबावर चढून चढून त्यांचे गुडघे गेले होते, पण प्रत्येक गोष्टीत मत मात्र शाबूत होतं. धाकटी मुलगी दीक्षा तेव्हा वीस वर्षांची. तिने कऱ्हाडला सहा महिने जाऊन येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कोर्स झाला आणि ती माझ्या शाळेचे तक्ते रंगवू लागली, कारण कॉम्प्युटर होता कुठे? ठाण्याच्या मामाने तिच्यासाठी एका औषधाच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायची जागा बघून ठेवली होती. तिला जायचं नव्हतं. मलाही तिला पाठवायचं नव्हतं. पण घरी बसून काय करणार, या प्रश्नाला आम्हा दोघींकडेही उत्तर नव्हतं.

ते उत्तर मे महिन्यात जीपमधून आलं. आमच्या भागातल्या साखर कारखान्याने तीन गावं निवडली होती. कारखान्याच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर एक अँटिना, गावात एक, आणि मधे नुसती हवा. तार नाही, खांब नाही. गावातला कॉम्प्युटर थेट कारखान्याच्या कॉम्प्युटरशी बोलणार. उसाची तोड कधी, वजन किती भरलं, सांगलीत हळदीचा भाव काय, सगळं गावात बसून कळणार. कारखान्याला फोनवरून इंटरनेटही मिळत होतं, त्यामुळे परदेशी पत्रसुद्धा जाणार होतं. ब्रॉडबँड हा शब्द आमच्याकडे यायला अजून बरीच वर्षं होती. आम्ही त्याला 'लाइन' म्हणायचो, लाइन कुठेच दिसत नसली तरी.

सगळी जोडणी करायला कऱ्हाडच्या एका कॉलेजातले ऋषिराज सर आले होते. मलकापूरला राहायचे, स्कूटरवरून यायचे, वय तिशीच्या आत. त्यांनी शाळेच्या आवारात उभं राहून टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, "इथे तीस फुटी लोखंडी खांब लागेल."

"कशाला?" आण्णा म्हणाले. "टाकी डोळ्यानं दिसती की. शाळंच्या आढ्याला बांधा अँटिना. मी जन्मभर खांबच रोवल्यात सर, उगा खांब रोवू नये एवढं मला कळतंय."

सगळ्या गावाने माना डोलावल्या. शाळेमागेच लीलाबाई जगदाळ्यांचं रान होतं, शाळेपेक्षा पुरुषभर उंचवट्यावर. मार्चमध्ये त्यातला ऊस तुटून गेलेला, नव्याने फुटलेला खोडवा गुडघ्याएवढा. त्याच्या वरून टाकी लख्ख दिसत होती. माशाच्या काट्यासारखी ती अँटिना आढ्याला बसली, शाळेच्या जुन्या खोलीत कॉम्प्युटर लागला आणि खुर्चीवर दीक्षा बसली.

तीन महिने गावाची चैन झाली. लीलाबाई तर रोज यायची. तिचा मुलगा अर्जुना मस्कतला ट्रक चालवायचा आणि त्याच्या कंपनीत ईमेल होतं. लीलाबाई खुर्चीवर बसायची नाही. कॉम्प्युटरसमोर उभी राहून, घसा ताणून सांगायची, "अर्जुना, म्हस व्याली. रेडी झाली."

"काकी, हळू बोला. त्यो ऐकत न्हाई, मी टाइप करती हाय."

"आगं, मस्कत लांब हाय."

दीक्षा मराठी पत्र इंग्रजी अक्षरांत लिहायची. अर्जुनाला ती अक्षरं नीट लागायची नाहीत, म्हणून तिथला एक केरळी कारकून त्याला वाचून दाखवायचा, स्वतः एक शब्दही न समजता. 'आई, तो वाचतो तेव्हा तू पडसं झाल्यासारखी वाटतेस,' असं अर्जुनाने एकदा कळवलं. लीलाबाईने तो कागद छापून घेतला आणि महिनाभर ब्लाउजमध्ये ठेवला.

गणपतीत लाइन पहिल्यांदा अडखळली. पुढे दिवसाआड बंद पडू लागली. ऋषिराज सर आले, वायर बदलली. पुन्हा आले, डबा बदलला. गावाने आपापली कारणं काढली. कुणी म्हणालं वानरं अँटिनाला लोंबकळतात. कुणी म्हणालं शाळेची पोरं चेंडू मारतात. केरबा पवारांना वाटत होतं की दीक्षा फार जोरात बटणं दाबते. केरबा म्हणजे गावच्या सासनकाठीचे मानकरी. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर ती उंच वेळूची काठी नाचवत नेणारे, साठी ओलांडलेला पण खांद्याने बैल असलेला माणूस.

दसऱ्यानंतर मोठा पाऊस झाला आणि पुढचे आठ दिवस लाइन अगदी घोड्यासारखी धावली. आम्ही पेढे वाटले. नवव्या दिवशी बंद, ती बंदच.

डिसेंबर लागला. कारखान्याचे शेती अधिकारी हंबीरराव साहेब जीप घेऊन आले. मिशा मोठ्या, आवाज मऊ. त्यांनी दीक्षाची वही पाहिली. कुठल्या दिवशी किती वाजता लाइन आली आणि गेली, हे तिने सगळं लिहून ठेवलं होतं. बघून म्हणाले, "पोरी, काम तुझं चोख हाय. पण बंद यंत्र ठेवून काय करू? दुसऱ्या गावाचा अर्ज आलाय. पंधरा तारखेला सकाळी येतो. चालू असलं तर तुझं. न्हाई तर जीपमधनं घेऊन जाणार."

दुसऱ्या दिवशी दीक्षाने मामाला होकार कळवला, वीस तारखेला येते म्हणून.

अकरा तारखेला, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत लीलाबाई शाळेत आली. पदराला हात पुसत दारातच उभी.

"बाई, एक इचारू? हसू नका."

"विचारा की."

"दसऱ्यानंतर आठ दिस लाइन चालली व्हती न्हवं? तवा माझा ऊस पडला व्हता. पावसानं लोळला व्हता सगळा. मग मी बाया लावून त्यो उभा केला, पाचटानं बांधला. ज्या दिशी बांधून झाला, त्या दिशी लाइन गेली."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. खिडकीत टाकी नव्हती. टेकडीही नव्हती. हिरवागार, तुरे फुटायला आलेला, दीड पुरुष उंचीचा ऊस होता. रोज बघत होते, पण ऊस म्हणूनच बघत होते. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवत आले होते.

"मला चार दिस झालं कळून," लीलाबाई म्हणाली. "बोलले न्हाई. गाव म्हणंल, तोड ऊस. आन् माझी तोड हाय फेब्रुवारीत. आत्ता तोडून टाकला तर कारखाना न्हेत न्हाई, बांधावर वाळून जाईल."

"मग आज का सांगितलंत?"

"काल दीक्षा आली व्हती, माझ्या मशीनवर पिशवी शिवून घ्यायला. ठाण्याला न्यायला." ती दारातून आत आली. "ती गेली तर अर्जुनाला कोण लिवणार? असं मनात आलं आदी. मग बघितलं तर पोरगी टाके बघता बघता रडत व्हती. लय वाईट वाटलं बाई."

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. लीलाबाईने स्वतःच उभं राहून सांगितलं. मग केरबा हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग इतकं की त्यांना खांबाला धरावं लागलं.

"मे महिन्यात सगळं गाव हितं उभं व्हतं," ते म्हणाले. "समद्यांच्या बापजाद्यांनी ऊस केलेला. आन् एकाच्या बी डोस्क्यात आलं न्हाई की ऊस वाढतो."

व्हरांडा हसून हसून पडायची वेळ आली. आण्णा मात्र हसत नव्हते. खांब नको म्हणणारे तेच होते.

"आठ सऱ्या तोडा माझ्या," लीलाबाई म्हणाली. "म्हशींना घालू."

ऋषिराज सरांना निरोप गेला होता, ते आले होते. त्यांनी मान हलवली. "आठ सऱ्यांनी भागणार नाही, काकी. निम्मं रान जाईल."

"मग उभ्या उसाला कोयता लावायचा न्हाई," केरबा म्हणाले. "अँटिना वर न्यायची. किती वर पायजे, सर?"

"पस्तीस फूट तरी. पण लोखंडी खांब सांगितला तर पंधरा दिवस लागतील. आपल्याकडे तीन आहेत."

केरबांनी मिशीवरून हात फिरवला. "पस्तीस फूट म्हंजी काय, आमच्या काठीएवढंच की."

मागून कुणीतरी म्हणालं, मग काठीलाच बांधू. केरबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली बसला. "ती देवाची. ती न्हाई मिळायची. पण दुसरी करता येती. कडेगावात ताबुतासाठी वेळू आणणारा माझ्या वळखीचा हाय. उद्या दुपारपतूर वेळू दारात आणतो."

शनिवारी वेळू आले. रविवारी केरबा आणि आण्णा कामाला लागले आणि मला दोघांना वेगवेगळा चहा द्यावा लागला, कारण ते एकमेकांशी बोलत नव्हते. आण्णांचं म्हणणं, ताणाच्या लोखंडी तारा लावाव्यात. केरबांचं म्हणणं, काठीला चार बाजूंनी दोर लागतात, त्यांना तोरण्या म्हणतात, आणि तोरण्या कशा लावायच्या हे मंडळाच्या वायरमनने त्यांना शिकवू नये.

"तुमची काठी माणसं धरून चालत्यात," आण्णा शेवटी म्हणाले. "ही काय चालत जाणार हाय का कारखान्यावर?"

"आन् तुमचा खांब शिमिटात आसतो. ह्यो मातीत. वाऱ्यानं वेळू डुलणार. तार तुटंल, दोर ताण घेतो."

आण्णांनी विचार केला. "बरं. दोर तुमचा. खुंट्या माझ्या."

मग आळ्यांचा प्रश्न आला. सासनकाठीच्या तोरण्या गावात वाटून दिलेल्या असत. वरची आळी, खालची आळी आणि मळ्यातली मंडळी त्या धरत. आमची बौद्ध आळी त्यात कधी नव्हती. छप्पन सालानंतर तर आमच्यातलं कुणी जत्रेला जातही नसे. केरबांनी तीन दोर तीन आळ्यांना दिले, चौथा हातात घेतला आणि आण्णांकडे बघितलं.

"आण्णा, चौथी तोरणी तुमच्या आळीची. धरणार का?"

"देवाची आसती तर नसती धरली. ही कॉम्प्युटरची हाय. ही धरू."

"उचलताना आमी चांगभलं म्हणणार."

"तुमी म्हणा. आमी जयभीम म्हणू. दोराला काय फरक पडतोय?"

सोमवारी सकाळी शाळेमागे काठी उठली. जमिनीवरच अँटिना टोकाला बांधून घेतली होती, त्यामुळे आण्णांच्या गुडघ्यांची परीक्षा टळली. तीस-चाळीस माणसं, चार दोर, मधे केरबा. एका दमात, दोन दमात, आणि तिसऱ्या दमात ती अँटिना लीलाबाईच्या उसाच्या तुऱ्यांवरून टाकीकडे बघू लागली. एकाच वेळी दोन घोषणा झाल्या आणि शाळेच्या पोरांनी दोन्ही दिल्या.

आत दीक्षा ओरडली, "आली." मग म्हणाली, "गेली." मग पुन्हा, "आली."

ऋषिराज सरांचा चेहरा पडला. काठी पडत नव्हती, वाकत नव्हती, पण वाऱ्याने जागच्या जागी वळत होती. अँटिना कधी टाकीकडे, कधी कडेगावच्या एसटी स्टँडकडे. पुस्तकात पडणाऱ्या खांबाबद्दल होतं, वळणाऱ्या खांबाबद्दल नव्हतं. केरबांना मात्र नवल वाटलं नाही.

"काठी गिरकी घेतीच," ते म्हणाले. "डोंगर चढताना तर फार." त्यांनी काठी खाली घ्यायला लावली, वरच्या भागात हातभर लांबीचं एक लाकूड आडवं बांधलं आणि दोन तोरण्या त्याच्या दोन टोकांना ओवल्या. काठी पुन्हा उठली. या वेळी जणू कुणी तिचे खांदे धरले होते. दीक्षाने दुपारी अर्जुनाला पत्र पाठवलं. लीलाबाई त्या दिवशी कुजबुजत बोलली. काठीला धक्का लागेल म्हणून.

मंगळवारी पंधरा तारीख. सकाळी उठून बघते तर आण्णा शाळेमागे डोक्याला हात लावून उभे. पहाटे कालव्याच्या पाण्याची पाळी लीलाबाईची होती. तिने नेहमीसारखं रानात पाणी सोडलं, ते बांध फोडून शाळेमागे उतरलं आणि माती लोण्यासारखी झाली. चारपैकी तीन खुंट्या हातात येत होत्या.

"आता काय करायचं?" ऋषिराज सर म्हणाले. जीपचा धुरळा ओढ्यापलीकडे दिसत होता.

"काय म्हंजी?" केरबा म्हणाले. "काठी कशी धरत्यात? हातानं."

वरच्या आळीची माणसं होती, खालच्या आळीची आणि मळ्यातली आली. आमच्या आळीतले गडी मात्र सकाळच्या पाळीने कारखान्यात आणि कऱ्हाडला कामावर गेलेले. घरी बायकाच. मी घंटा वाजवली, मुलांना मैदानात कवायतीला उभं केलं आणि पदर खोचून चौथा दोर धरला. माझ्यामागे आळीतल्या सात बायका आणि सर्वांत मागे लीलाबाई. ती आमच्या आळीची नव्हती, पण तिला बाजूला हो म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

हंबीरराव साहेब समोरच्या दाराने आत गेले. त्यांना मागची माणसं दिसली नाहीत. खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं, दिसत मात्र नव्हतं. डोळे काठीच्या टोकावर होते.

"चालू हाय म्हणतीस?" साहेब म्हणाले. "मग हापिसातल्या माझ्या कारकुनाला इचार, आज मी कुठला सदरा घालून निघालोय."

बटणांचा आवाज आला. मग काहीच नाही. त्या मिनिटात वारा सुटला, काठी डोलली, केरबा "जरा वर, खाल्ली आळी" एवढंच म्हणाले, आणि माझ्या तळहातांतून दोर एक वीत सरकला. मागून लीलाबाईने दोर असा ओढून धरला की मी पडता पडता उभी राहिले. दीक्षा ठाण्याला जाते की इथे राहते, हे त्या वीतभर दोरावर होतं, आणि मला त्या क्षणी दुसरं काही सुचत नव्हतं.

आत प्रिंटर कर्रकर्र वाजला. दीक्षाने वाचलं, "सदरा निळ्या चौकटीचा. साहेब, तुमचा डबा टेबलावर ऱ्हायलाय."

आत हशा झाला. साहेब हसतच मागच्या दाराने बाहेर आले आणि थबकले. चार दोर, चाळीस माणसं, मधे पस्तीस फुटी वेळू.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"खुंट्या हाईत साहेब," केरबा म्हणाले.

"आन् किती येळ उभ्या ऱ्हाणार ह्या खुंट्या?"

"तुमी जाईपतूर."

"मी गेल्यावर?"

याचं उत्तर आण्णांनी दिलं. खरं म्हणजे त्यांनी ते तिथल्या तिथे रचलं, पण ऐकताना वर्षानुवर्षांचा रिवाज वाटला. "चार आळ्या, चार दोर. ज्येची तोरणी त्येची खुंटी. शिमिटात आमी आजच बसवतो. दर बाजाराच्या दिशी ज्येनं त्येनं आपला दोर तपासायचा. एक दोर सैल पडला तर काठी त्या आळीकडं वळती, साहेब. कुणाची चूक, ते गावाला आभाळात दिसंल."

हंबीरराव साहेबांनी वर बघितलं, मग आण्णांकडे, मग माझ्या हातांकडे. "कारखान्यानं इंजिनियर नेमून ह्ये जमलं नसतं," ते ऋषिराज सरांना म्हणाले, आणि दीक्षाकडे वळून, "यंत्र ऱ्हाऊ दे, पोरी. दुसऱ्या गावाची माणसं मी हितं बघायला धाडतो. आता मला कुणीतरी जेवायला घाला."

ते लीलाबाईकडे जेवले. दीक्षाने मामाला तार केली: येत नाही, काम लागलं.

ती वेळूची काठी दोन हजार तीनपर्यंत उभी राहिली; वेळू मधे दोनदा बदलला. मग लोखंडी मनोरा आला, त्यालाही चारच ताण दिले आणि ते त्या चार आळ्यांकडेच राहिले. ज्या दोन गावांना आमच्याबरोबर यंत्र मिळालं होतं, तिथली वर्षभरात बंद पडली. तिथे खांब चांगला होता, पण तो कुणाचाच नव्हता.

केरबांनी पुढे सात चैत्र काठी नाचवली आणि मग घरी, जेवून उठताना गेले. लीलाबाईने त्या रानात पुन्हा ऊस केला नाही. हळद केली, आणि हळदीत तिला बरकत आली. अर्जुना दोन हजार एक साली परतला, आता ट्रॅक्टर चालवतो. ऋषिराज सर आता कॉलेजचे प्राचार्य आहेत; विद्यार्थ्यांना ते वळणाऱ्या खांबाचा धडा तोंडी शिकवतात. हंबीरराव साहेब निवृत्तीनंतर महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी करतात आणि हंगामात आम्हाला पेटी पाठवतात. आण्णा दोन हजार बाराला गेले.

दीक्षाने कडेगावात ऑफिस टाकलं आहे. तिथून एकोणीस गावांना ब्रॉडबँड जातं. गावात पहिल्यांदा गेली की ती मशीनबद्दल बोलत नाही, आधी आळ्या किती आहेत ते विचारते. तिचा नवरा तिच्याच कामात आहे, मुलगी सृष्टी सांगलीला शिकते. मी आता एकोणऐंशी वर्षांची आहे, दीक्षाकडेच असते. ती जेवायला कधी वेळेवर येत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.